स्टेलारिस नवीन खेळताय? आधी सायन्स शिप वाढवा
स्टेलारिस हा अंतराळात साम्राज्य उभारायचा गेम पहिल्यांदाच लावलाय ना, मग सुरुवातीलाच युद्धनौका बांधत बसू नका, तुमच्याकडे सुरुवातीला एकच सायन्स शिप, म्हणजे नवी ठिकाणं पाहणारं जहाज असतं, तर लगेच अजून एक बांधा, कारण त्या जहाजाने सर्व्हे केल्याशिवाय सिस्टिममध्ये, म्हणजे तारा आणि त्याच्या ग्रहांच्या भागात, आउटपोस्ट (ताबा सांगणारी चौकी) टाकताच येत नाही आणि तोवर शेजारी पुढे सरकलेला असतो. आउटपोस्टला अलॉय (मिश्रधातू) आणि इन्फ्लुअन्स (राजकीय वजन) दोन्ही लागतात, म्हणून दिसेल ते घेऊ नका, जिथून आत यायला एकच वाट आहे तो चोकपॉइंट आधी धरा, मागचं निवांत भरता येतं. आपल्या हद्दीपासून फार लांब उडी मारली तर इन्फ्लुअन्स जास्त जातो बरं का. अलॉय जपा, जहाजं त्यातूनच बनतात, मिनरल्स (खनिजं) उरत असतील तर मार्केटमध्ये विकून अलॉय घ्या. गोंधळ उडाला की स्पेसबार दाबा, गेम थांबलेला असतानाही ऑर्डर देता येतात.