लिंकिंग व्हर्ब आणि सब्जेक्ट कॉम्प्लिमेंट कसे ओळखावे

सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी माध्यमाच्या अनेक विद्यार्थ्यांना इंग्रजी व्याकरणातील हा भाग अवघड वाटतो, पण त्याचा पाया त्यांच्या शालेय मराठी व्याकरणातच आहे. ‘१७६१ मध्ये माधवराव पेशवे झाले’ या वाक्यात ‘झाले’ हे क्रियापद विधान अपुरे ठेवते आणि ‘पेशवे’ हे विधानपूरक ते पूर्ण करते. त्याचप्रमाणे ‘माधवराव बिकेम पेशवा’ यात ‘बिकेम’ हे लिंकिंग व्हर्ब, म्हणजे कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडणारे क्रियापद, आणि ‘पेशवा’ हे सब्जेक्ट कॉम्प्लिमेंट, म्हणजे कर्त्याबद्दलच सांगणारे पूरक होय. याउलट ‘माधवराव मेट अ सोल्जर’ यात माधवराव आणि सैनिक या दोन वेगळ्या व्यक्ती असल्यामुळे ‘सोल्जर’ हे ऑब्जेक्ट, म्हणजे कर्म ठरते.

‘बिकम’ आणि ‘सीम’ यांची फारशी अडचण येत नाही. ‘लुक’, ‘फील’, ‘टेस्ट’, ‘स्मेल’, ‘ग्रो’, ‘टर्न’ ही क्रियापदे मात्र कधी लिंकिंग व्हर्ब म्हणून, तर कधी प्रत्यक्ष क्रिया दाखवण्यासाठी येतात, म्हणून त्यांच्या जागी ‘इज’ किंवा ‘वॉज’ घालून पाहावे. ‘द मुठा टर्न्ड ब्राऊन’ याचे ‘द मुठा वॉज ब्राऊन’ केले तरी अर्थ टिकतो, म्हणून येथे ‘टर्न्ड’ हे लिंकिंग व्हर्ब आहे. ‘द ड्रायव्हर टर्न्ड द बस’ याचे ‘द ड्रायव्हर वॉज द बस’ करताच वाक्य निरर्थक होते. ‘शी इज रीडिंग’ यातील ‘इज’ केवळ साहाय्यक क्रियापद आहे, हेही ध्यानात ठेवावे.

खरी चूक होते ती विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्या निवडीत. मराठीत ‘ती छान गाते’ आणि ‘ती छान दिसते’ या दोन्ही वाक्यांत ‘छान’ तसाच राहतो, त्यामुळे इंग्रजीत तेथे दोन वेगळी रूपे लागतात हे आपल्या सहज लक्षात येत नाही. गाण्याची रीत सांगायची म्हणून ‘शी सिंग्ज ब्यूटिफुली’. दिसण्याची रीत सांगायची नसून तिचेच वर्णन करायचे म्हणून ‘शी लुक्स ब्यूटिफुल’. ‘सिंहगड लुक्स ग्रीन इन जुलै’ हे बरोबर आहे, आणि चहाच्या गोडीबद्दल ‘द टी टेस्ट्स स्वीट’ असेच लिहावे, ‘स्वीटली’ नव्हे. माझ्या मते प्रत्येक उदाहरणात आधी ‘हा शब्द कर्त्याबद्दल बोलतो की क्रियेबद्दल?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावावी. क्रियापदांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा ती अधिक उपयोगी पडते.

क्रियापदाचे वचन मात्र नेहमी कर्त्याप्रमाणे ठेवावे, पूरकाप्रमाणे नव्हे: ‘द प्रॉब्लेम इज पॉटहोल्स’, पण ‘पॉटहोल्स आर द प्रॉब्लेम’.