जादूचा स्वतःचा प्रयोग विकायला कधी काढावा

नवी कल्पना सुचली की त्याच आठवड्यात तिचा व्हिडिओ करून विकावा असं वाटतं. हा मोह आवरा. छापलेलं किंवा विकलेलं रहस्य परत घेता येत नाही. अर्धी पिकलेली कल्पना बाहेर गेली, की तिची नीटनेटकी आवृत्ती दुसरा कुणी तरी काढतो आणि प्रयोग त्याच्याच नावाने ओळखला जातो. विक्रीची वेळ ठरवताना एकच गोष्ट पाहा: जादूतलं काही न कळणाऱ्या प्रेक्षकांसमोर हा प्रयोग स्थिरावला आहे का? जादूगार मित्रांच्या वाहवेवर जाऊ नका. त्यांना पद्धतीतलं नावीन्य आवडतं आणि प्रेक्षकाला नेमकं तेच दिसत नसतं.

स्थिरावणं मोजता येतं. वेगवेगळ्या जागी किमान ५० वेळा प्रयोग करा: वाढदिवस, लग्नात टेबलाटेबलांवर फिरून केलेलं क्लोज-अप (प्रेक्षकांच्या अगदी जवळ केलेली जादू), शाळेचं पटांगण, लहान सभागृह. दर वेळी वहीत चार नोंदी करा: प्रेक्षक कुठल्या बाजूंना बसले होते, उजेड कुठून येत होता, हात कुठे अडखळला आणि लोकांनी नेमका कशावर संशय घेतला. ही शेवटची नोंद सर्वांत मोलाची, कारण ‘कळलं नाही, पण ती डबी काही तरी वेगळी होती’ असं म्हणणारा प्रेक्षक तुम्हाला फुकटात दुरुस्ती सांगत असतो. शेवटच्या २० प्रयोगांत रुटीन, म्हणजे संवाद आणि हालचालींचा ठरलेला क्रम, बदलावं लागलं नसेल, तर ते तयार आहे. अजून दर दोन-तीन प्रयोगांनी एखादी हालचाल बदलत असाल, तर आत्ता विकल्यास गिऱ्हाइकाच्या हाती कच्चा मसुदा पडेल.

पुढची परीक्षा लिखाणाची. सूचना लिहून काढा आणि हा प्रयोग कधीच न पाहिलेल्या तीन जादूगारांना फक्त तो मजकूर द्या, व्हिडिओ देऊ नका. आठवडाभराने त्यांना प्रयोग करून दाखवायला सांगा. तिघांपैकी दोघे एकाच जागी चुकले, तर चूक मजकुरात आहे. बहुतेक वेळा तिथे डाव्या हाताचं वर्णन राहिलेलं असतं, कारण लिहिणाऱ्याचं सगळं लक्ष चलाखी करणाऱ्या हाताकडे असतं. नजर कुठे असावी, कोणत्या शब्दावर हालचाल करायची आणि खेळ संपल्यावर पुन्हा मांडणी करायला किती सेकंद लागतात, हेही लिहा. अँगल वाईट असतील, म्हणजे काही बाजूंनी रहस्य दिसत असेल, तर ते स्पष्ट सांगा. ‘चारही बाजूंनी चालतो’ असं खोटं छापलं की माल परत येतोच.

आधी कुणी केलंय का?

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण तो टाळणाऱ्याचं नाव कायमचं खराब होतं. ‘कन्जुरिंग आर्काइव्ह’ या ऑनलाइन सूचीत पुस्तकं आणि मासिकांतले प्रयोग विषयवार सापडतात. परिणाम (प्रेक्षकाला दिसतं ते) आणि पद्धत (त्यामागची युक्ती) दोन्ही वेगवेगळे शोधा, कारण तुमचा परिणाम नवा असला तरी पद्धत कुणाची तरी जुनी असू शकते. त्यानंतर जुनी पुस्तकं वाचलेल्या दोन ज्येष्ठ जादूगारांना विचारा. जवळचं काही सापडलं आणि त्याचा कर्ता हयात असेल, तर त्याला पत्र लिहून परवानगी मागा. जुन्या पुस्तकात छापून गेलेल्या तत्त्वावर बेतलेलं असेल तर श्रेय देऊन पुढे जाता येतं. पण ज्याचा गिमिक, म्हणजे प्रयोगामागचं छुपं साधन, आजही बाजारात विकला जातोय, त्याच्या परवानगीशिवाय तोच गिमिक आपल्या डबीत घालणं म्हणजे चोरी, असंच जादूगार मानतात. सूचनांमध्ये श्रेयाचा परिच्छेद हवाच, तोही सुरुवातीला.

कायदा कुठवर साथ देतो

पद्धतीला कॉपीराइट मिळत नाही. मिळतो तो मांडणीला. अमेरिकेत ‘पेन अँड टेलर’ या जोडीतल्या जादूगार टेलरने ‘शॅडोज’ हा गुलाबाच्या सावलीचा प्रयोग १९८३ मध्ये मूकनाट्य म्हणून नोंदवला होता. युरोपातल्या एका कलाकाराने त्याची नक्कल विकायला काढली तेव्हा २०१४ मध्ये न्यायालयाने टेलरच्या बाजूने निकाल दिला. ‘माझं रहस्य वेगळं आहे’ हा बचाव टिकला नाही, कारण प्रेक्षकाला दिसणारं नाट्य तेच होतं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही नाट्यकृतीच्या व्याख्येत मूकाभिनय येतो, फक्त तो लिहून किंवा अन्य प्रकारे पक्का नोंदवलेला हवा. म्हणून रुटीन संवाद, हालचाली आणि संगीतासकट लिहून त्यावर तारीख घाला आणि पूर्ण प्रयोगाचं सलग चित्रीकरण करा. नोंदणी ऐच्छिक आहे, पण वादाच्या वेळी कामाला येते.

पेटंटच्या वाटेला जाण्याआधी जादूगार होरेस गोल्डिनचं प्रकरण लक्षात घ्या. बाई करवतीने कापण्याच्या आपल्या आवृत्तीचं पेटंट त्याने १९२३ मध्ये घेतलं. पुढे एका सिगारेट कंपनीने जाहिरातीत ते रहस्य उघड केलं. गोल्डिन न्यायालयात गेला आणि १९३८ मध्ये हरला. पेटंटमध्ये त्याने स्वतःच रहस्य जगासमोर मांडलं होतं. भारतातही पेटंटचा अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि अर्जाआधी वस्तू विकली असेल तर तिचं नावीन्यच संपतं. प्रयोगाच्या नावाचा ट्रेडमार्क मात्र घेण्यासारखा आहे. नक्कल करणाऱ्याला निदान तुमचं नाव वापरता येत नाही.

काय विकू नये

ज्या खेळासाठी लोक तुम्हाला बोलावतात तो विकू नका. शोची बिदागी ज्या एका प्रयोगावर ठरते, तो ५०० प्रतींच्या विक्रीतून मिळणाऱ्या पैशांपेक्षा जास्त कमावून देतो. तो तुमच्या कार्यक्रमातून निघाला, त्याची जागा नव्या खेळाने घेतली, की मग विचार करा. ज्या पद्धतीमुळे दुसऱ्यांचे चालू खेळ उघडे पडतील तीही बाहेर काढू नका. इजा होऊ शकेल असे प्रयोग तर अजिबात विकू नयेत. २०१६ मध्ये पोलंडमध्ये टीव्हीवर कागदी पिशव्यांखालचा खिळा ओळखण्याच्या खेळात निवेदिकेच्या तळहातात खिळा घुसला. तुमच्या हातून सुरक्षित होणारा खेळ हौशी मुलाच्या हातून कसा होईल, यावर तुमचा ताबा नसतो.

लहानशी पण चांगली कल्पना, एखादी मूव्ह (हाताची चलाखी) किंवा जुन्या खेळातली सुधारणा सरळ जादूच्या मासिकात द्या किंवा लेक्चर नोट्समध्ये, म्हणजे जादूगारांसाठीच्या व्याख्यानाच्या पुस्तिकेत, घाला. पैसे थोडे मिळतात, पण नाव आणि तारीख छापली जाते. एका मूव्हची तीस मिनिटांची फिल्म करून विकणं आम्हाला पटत नाही.

गिमिक असेल तर

आधी फक्त दहा नग बनवा. दोन महिने वापरा, एक पावसाळ्याच्या हवेत उघडा ठेवा, एक कमरेच्या उंचीवरून फरशीवर वारंवार पाडा. पाण्यावर आधारलेल्या गोंदाने चिकटवलेले पत्ते वाळताना बाक घेतात. तिथे पातळ डबल साइड टेप बरी. फेविक्विकसारख्या गोंदाची वाफ चकचकीत पृष्ठभागावर पांढरी झाक सोडते, म्हणून तो थेंबभरच लावून मोकळ्या हवेत वाळू द्या. नियोडिमियम चुंबक ठिसूळ असतात, एकमेकांवर आदळले की टवका उडतो. त्यांच्यावर कागदाचा थर द्या. इलॅस्टिक सैल पडतंच, त्यामुळे पाकिटात सुटा तुकडा टाका आणि तो कसा बदलायचा तेही लिहा. क्षणात भडकून जळणारा फ्लॅश पेपर ज्वालाग्राही असल्याने पोस्टाने पाठवता येत नाही. प्रयोगात तो लागत असेल तर गिऱ्हाइकाने स्वतः मिळवावा, असं जाहिरातीतच सांगा. लिथियम बॅटरी आणि मोठे चुंबक विमानाने पाठवण्याचे नियम कुरियरवाल्याकडून आधी समजून घ्या.

किंमत ठरवताना उत्पादनखर्चाच्या पाचपट धरा. समजा साहित्य, मजुरी, डबी आणि वाया गेलेले नग मिळून एका नगाला १५० रुपये पडले, तर किंमत ७५०. दुकानदाराला निम्म्या भावाने दिलं तर ३७५ हाती येतात, खर्च वजा जाता २२५. त्यातूनच तुटलेल्या नगांची बदली, टपाल आणि जाहिरातीचं चित्रीकरण भागवायचं असतं. ३०० रुपयांना विकायला निघालेले जादूगार दुकानदाराचा पहिला घाऊक फोन आला की अडकतात.

कंपनी तुमचा प्रयोग घेणार असेल तर करारात पाच गोष्टी बघा: एकरकमी पैसे की प्रत्येक प्रतीमागे वाटा, विक्रीचा हिशोब दर किती महिन्यांनी मिळणार, हक्क किती वर्षांसाठी, माल संपून वर्षभर पुन्हा बनवला नाही तर हक्क तुमच्याकडे परत येतात का, आणि टीव्हीवर प्रयोग करण्याची परवानगी कोण देणार. जाहिरातीचा व्हिडिओ तुमच्या संमतीशिवाय जाऊ नये, हेही लिहून घ्या. कापाकापी करून अशक्य दाखवलेला खेळ विकत घेणारा शिव्या तुम्हालाच देतो.

विक्री सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात येणारे प्रश्न जपून ठेवा. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की सूचना दुरुस्त करा, पानावर आवृत्तीचा क्रमांक घाला आणि आधीच्या गिऱ्हाइकांनाही नवी प्रत विनामूल्य पाठवा.