फर्स्ट कॉपीच्या पुढचे पैसे कुठून आणणार ते आधी सांगा

बीड, परभणी, लातूरकडची पोरं सारखी विचारायलेत की दादा, मनासारखा सिनेमा करायचा का चालणारा करायचा. कॅमेरा, स्क्रिप्ट तुम्हाला येतं असं धरून चालतो, युवक महोत्सवात एकांकिका गाजवून आलेल्यांना ते मी काय शिकवणार. मी पैशाचंच बोलतो कारण मनासारखं काय राहणार ते तिथंच ठरतं.

आपल्याकडं फायनान्सर म्हणजे प्लॉटिंगवाला नाहीतर गुत्तेदार. तो विचारतो पिक्चर कितीत होतो. आपण सांगतो तो आकडा असतो फर्स्ट कॉपीचा, म्हणजे शूटिंग, एडिटिंग, साउंड सगळं होऊन पिक्चर हातात पडेपर्यंतचा, आणि तो ऐकतो की एवढ्यात पिक्चर थेटरात लागणार. मधला खर्च, म्हणजे सेन्सॉर, ट्रेलर, पोस्टर, पब्लिसिटी, थेटरांना डिजिटल कॉपी पोचवायचे पैसे, यावर दोघंबी गप्प. मी अडकलो ते इथंच. फर्स्ट कॉपी तयार, हार्डडिस्क कपाटात आणि गुत्तेदार म्हणाला आता बिलं निघाल्याशिवाय एक रुपया नाही. मग रिलीजला पैसे लावणारा दुसरा माणूस आला. माझ्या पिक्चरची सुरुवात अशी होती की म्हातारी चुलीपुढं भाकरी थापती आणि ती फुगून तव्यावरून उतरेपर्यंत कट नाही. त्यानं तेवढ्यात दोन फोन घेतले आणि म्हणाला, भाकरी आम्ही घरी बघतो, हे काढा आन् एक गाणं टाका. गाणं एका रात्रीत रिसॉर्टच्या लॉनवर शूट झालं. कथेशी त्याचा काय संबंध ते मलाबी सांगता येत नाही.

खिसा रिकामा असताना कलेवर कुणी वाद घालू शकत नाही राव. म्हणून पहिल्या मीटिंगलाच दोन आकडे सांगा, फर्स्ट कॉपीचा वेगळा न रिलीजचा वेगळा, आणि रिलीजचे पैसे वेगळ्या खात्यात पडल्याशिवाय शूटिंगचा नारळ फोडू नका. फायनान्सर पळाला तर पळू द्या, शूटिंगनंतर पळण्यापेक्षा बरं.

हिशोब पण करून बघा. 150 रुपयांच्या तिकिटातला 18 टक्के जीएसटी गेला की 127 उरतात, पहिल्या आठवड्यात साधारण त्यातलं निम्मं थेटरचं, म्हणजे तुमच्या बाजूला 63-64, त्यातूनच डिस्ट्रिब्युटरचं कमिशन आणि पब्लिसिटीचा खर्च आधी वळता होतो. पेपरात जो कोटींचा आकडा येतो तो तुमच्या घरी येत नाही.

आता कुणी म्हणल भाऊराव कऱ्हाडेंनी जमीन विकून ख्वाडा केलाच की, राष्ट्रीय पुरस्कार पण मिळाला. मिळाला, मान्य. पण जमीन विकून ज्यांचं काहीच झालं नाही त्यांच्या मुलाखती कोण घेतं? बापाच्या जमिनीला हात लावू नका, एवढं ऐकाच.

आणि घाबरू पण नका. नागराज मंजुळेंनी फँड्री केला आणि नंतर 2016 ला सैराट, तो शंभर कोटींच्या पुढं गेला. जातीचा विषय दोन्ही पिक्चरमध्ये आहेच, पण सैराटमधली गाणी कथेतूनच येतात, पोरं प्रेमात पडायलेत म्हणून ती आहेत. पब्लिकसाठी जे द्यायचं ते लिहितानाच द्या, म्हणजे नंतर दुसरं कुणी येऊन घुसडत नाही. आपल्या मातीतला विषय चालतो, खरंच चालतो.

तारीख पण बघा. ऊसतोड कामगारांवर पिक्चर काढून एकानं डिसेंबरात लावला. दसरा-दिवाळीनंतर आपली माणसं कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली असतात, बीडात बघणार कोण? बरं, कित्येक तालुक्यांत टॉकीजच बंद पडलेल्या, जिल्ह्याला एखादा शो मिळतो तोबी सकाळचा.

दोन दिवसात डायरेक्टर बनवणाऱ्या वर्कशॉपवाल्या सरांपासून लांब राहा, त्यातले बरेच स्वतः पिक्चर मिळत नाही म्हणून शिकवायलेत (हे माझं मत, राग आला तर येऊ द्या). त्यापेक्षा वर्षभर एखाद्या लाइन प्रोड्युसरच्या, म्हणजे शूटिंगचा रोजचा खर्च सांभाळणाऱ्या माणसाच्या हाताखाली बिलं लिहा, जेवणाची, गाड्यांची, जनरेटरची. डायरेक्टरच्या मागं मॉनिटर बघत उभं राहून जेवढं कळत नाही तेवढं त्या वहीत कळतं.

अ‍ॅग्रीमेंटमध्ये फायनल कट कुणाचा, म्हणजे पिक्चरमध्ये शेवटी काय राहणार ते कोण ठरवणार, ते लिहून घ्या, सही करण्याआधी वकिलाला दाखवा, आणि वकील फायनान्सरच्या ओळखीचा नसावा.