पट किती, हे विचारू नका: शाळा व्यवस्थापन समितीवर जाणाऱ्यांसाठी तयारीची यादी

जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीचा मी दोन वर्षे अध्यक्ष होतो आणि माझ्याच काळात शाळेतील शिक्षकाचे तिसरे पद गेले. पटावर मुले 63 होती, परंतु आधारच्या ऑनलाइन पडताळणीत पाच नावे गळून कागदावर 58 भरली. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांना 60 मुलांपर्यंत दोन आणि 61 ते 90 मुलांना तीन शिक्षक मिळतात. आम्हाला तीन मुले कमी पडली, आणि ज्यांची नावे गळली ती पाचही मुले रोज परिपाठाला आमच्या डोळ्यांसमोर उभी राहत होती. शेजारच्या वस्तीवरील एक पालक यंदा समितीवर जाणार आहेत. त्यांनी काय तयारी करावी असे विचारले, म्हणून ही यादी लिहून काढली. तोंडीही सांगता आले असते, परंतु तोंडी सांगताना मी पुन्हा आधारचेच विसरेन अशी भीती वाटली.

प्राथमिक गोष्टी लवकर उरकतो. समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात, अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो, मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात आणि या कामाचा मोबदला मिळत नाही. आपले मूल शाळेत असावे लागते, हे सांगण्याची गरज नाही. गरज आहे ती वेळेचा हिशेब करण्याची. महिन्याला एक बैठक एवढेच काम आहे असे निवडीच्या दिवशी सांगितले जाते. प्रत्यक्षात पंचायत समितीच्या शिक्षण विभागातील खेपा धरल्या तर जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत आठवड्याचा एक दिवस जातो. तो देणे शक्य नसेल तर सदस्य व्हावे, अध्यक्ष होऊ नये. बैठकीची वेळही पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावी, कारण खुरपणीच्या दिवसांत सकाळी अकराला बोलावलेल्या बैठकीला एकही महिला सदस्य येऊ शकत नाही आणि मग नोंदवही सह्यांसाठी घरोघर फिरते. अशी फिरवलेली सही म्हणजे उपस्थिती नव्हे.

पहिल्या पंधरवड्यात मागील दोन वर्षांचे प्रोसिडिंग बुक, म्हणजे बैठकांचे इतिवृत्त, वाचावे, बँकेचे पासबुक पाहावे आणि जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, उघडून बसावे. पहिली दोन कामे सगळे करतात. तिसरे कोणी करत नाही, मीही केले नव्हते, आणि येथूनच आमच्या शाळेची हानी सुरू झाली.

आता मुख्य बाब. शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते आणि गेल्या काही वर्षांपासून त्या पटात ज्यांचे आधार ऑनलाइन प्रणालीत वैध ठरले आहे तीच मुले धरली जातात. मी प्रत्येक बैठकीत मुख्याध्यापक गुरुजींना पट किती असे विचारत असे, ते 63 असे उत्तर देत आणि मी समाधानाने पुढच्या विषयाकडे वळत असे. गुरुजी खोटे बोलत नव्हते; हजेरीपटावर 63 नावे होतीच. प्रश्नच चुकीचा होता. विचारायचे असते ते असे: आज आधार वैध किती, अवैध किती, आणि अवैधांची नावे कोणती? आकडा ऐकून थांबू नये. नावे मागावीत, ती वहीत लिहून घ्यावीत आणि पुढच्या बैठकीत त्याच वहीतून एकेक नाव पुकारावे. जुलैमध्ये विचारावे, ऑगस्टमध्ये विचारावे, सप्टेंबरमध्ये दर आठवड्याला विचारावे. गुरुजींना याचा कंटाळा आला तरी विचारावे.

आधार अवैध ठरण्याची कारणे ठरलेली असतात, म्हणून ती आधीच जाणून घ्यावीत. पहिले कारण नावाचे: जनरल रजिस्टरमध्ये ओमकार आणि आधारवर ओंकार, किंवा वडिलांच्या नावापुढे एका ठिकाणी राव लागलेले आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. दुसरे जन्मतारखेचे. आधार घाईने काढताना केवळ जन्मवर्ष सांगितलेले असेल तर तारीख 1 जानेवारी पडते. (आमच्या पिढीची शाळेतील जन्मतारीख सरसकट 1 जून असे, तेव्हा त्यावाचून कोणाचे काही अडले नाही, आता अडते.) तिसरे कारण असे की मूल पाच वर्षांचे झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांची नोंद देऊन आधार अद्ययावत करावे लागते, आणि बालवाडीच्या वयात काढलेले आधार त्यानंतर कोणी हातात धरलेले नसते. ही पहिली नोंद सातव्या वर्षापर्यंत विनाशुल्क होते, त्यामुळे खर्चाची सबब ऐकून घेऊ नये. चौथे कारण सर्वांत चीड आणणारे आहे. मूल वर्षभर गावाबाहेरच्या खासगी शाळेत जाऊन परत आलेले असते, आपल्या वर्गात बसून आपल्याकडचा भात खात असते, आणि ऑनलाइन मात्र त्याचे नाव त्या जुन्या शाळेतच असते, कारण तिने हस्तांतरणाची विनंती मान्य केलेली नसते. आमच्या पाचांपैकी दोन मुले अशी अडकली होती. दोन फोन आणि एक खेप, एवढेच ते काम होते.

दुरुस्ती कोठे करायची हेही नावागणिक ठरवावे. जन्मदाखला शाळेच्या नोंदीशी जुळत असेल तर आधार दुरुस्त करायचे. तो आधारशी जुळत असेल तर शाळेच्या नोंदीच्या दुरुस्तीचा प्रस्ताव रीतसर वर पाठवायचा. जन्मदाखला न पाहता रजिस्टरमध्ये खाडाखोड करू देऊ नये. ती चूक पुढे दहावीच्या दाखल्यापर्यंत मुलाचा पाठलाग करते. आधार केंद्रावर मुलाबरोबर आई किंवा वडील लागतात, म्हणजे एका माणसाची मजुरी बुडते आणि एस.टी.चे भाडे वर लागते, म्हणून पाच-सहा मुले साठली की गटशिक्षणाधिकाऱ्यांना समितीच्या ठरावासह पत्र देऊन शाळेतच शिबिर मागावे. केलेली दुरुस्ती प्रणालीत दिसायला कित्येक दिवस लागतात. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केंद्रावर गेलात तर पावती मिळेल, वैधता मिळणार नाही. मुदतवाढ होईल असे कोणीतरी हमखास सांगते, आणि कधी कधी ती होतेही. तिच्या भरवशावर बसू नये. मी बसलो होतो.

पदमंजुरीचे निकष शासन निर्णयांनी बदलत असतात, मार्च 2024 मध्येही बदलले, त्यामुळे ताज्या निर्णयाची प्रत केंद्रप्रमुखांकडून मागून घ्यावी आणि आपली शाळा कोणत्या आकड्याच्या काठावर उभी आहे ते भिंतीवर लिहून ठेवावे. काठावरच्या शाळेत एकेका मुलाचे आधार हा स्वतंत्र विषय असतो. गेलेले पद परत आणणे फार अवघड जाते. आमच्या बाई अतिरिक्त ठरून समायोजनात दुसऱ्या शाळेवर गेल्या आणि पाच वर्ग दोन शिक्षकांवर आले. त्यांतील एक गुरुजी माहिती भरण्यात किंवा बैठकीत असले की पाचही वर्ग एकाकडे. ते पाहून पुढच्या जूनमध्ये काही पालकांनी मुले काढून घेतली. पट घटला की पद जाते आणि पद गेले की पट घटतो, हे समजायला मला अध्यक्षपदाची दोन वर्षे घालवावी लागली.

ऊसतोडीला जाणाऱ्या गावांसाठी यात आणखी एक घाई आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, आईवडील परत येत नाहीत, म्हणून आधारसाठी पालकाची उपस्थिती लागणारे प्रत्येक काम त्याआधीच व्हावे लागते. कोणत्या घरातील कोण जाणार आणि मूल बरोबर नेणार की आजीजवळ ठेवणार, याची घरोघर फिरून यादी करावी. मुकादमाने उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) वाटायला सुरुवात केली की चित्र स्पष्ट होते. मागे राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव याच यादीवर उभा राहतो आणि ते चालवण्याची जबाबदारी समितीवरच येते. त्याचे पैसे उशिरा येतात हे गृहीत धरून किराणा दुकानदाराशी आधीच बोलून ठेवावे. आजी-आजोबांशीही बोलावे, कारण मूल ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाणार की नाही हे पुष्कळदा त्यांच्या तब्येतीवर ठरते. तरीही जे मूल जाणारच असेल त्याच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसवून घेतले जाईल.

पैशांविषयी थोडक्यात. समग्र शिक्षा अभियानाचे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते: 30 मुलांपर्यंत वर्षाला 10,000 रुपये, 31 ते 100 मुलांना 25,000 रुपये, आणि त्यातील किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. एवढ्या रकमेत वीजबिल, खडू, रंग आणि शौचालयाची दुरुस्ती हे सर्व बसत नाही, म्हणून बैठकीत क्रम ठरवून घ्यावा. माझ्या मते शौचालय आणि पाणी आधी, रंगरंगोटी शेवटी. कोऱ्या धनादेशावर किंवा कोऱ्या व्हाउचरवर सही करू नये, मागणारा कितीही सज्जन असो. मार्चअखेर न खर्चलेला पैसा परत जातो.

पोषण आहाराचे धान्य महिन्यातून एकदा स्वतः मोजावे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, या हिशेबाने हजेरी आणि साठा यांची सांगड लागते की नाही ते लगेच कळते. चव घेऊन नोंदवहीत सही करायची असते. चव घेऊनच करावी.

सुरक्षेचे कामही समितीचे आहे. ऑगस्ट 2024 मधील बदलापूरच्या शाळेतील मुलींवरील अत्याचाराच्या घटनेनंतर तक्रारपेटी, मुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांवर शासनाने भर दिला, परंतु कुलूप घातलेल्या पेटीची किल्ली कोणाकडे आहे हे आमच्या शाळेत दोन महिने कोणालाच सांगता आले नव्हते. तेवढे पाहावे.

शाळा विकास आराखडा जानेवारीच्या आत लिहावा, मागील वर्षाचा उतरवून काढू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 नुसार अनुदाने त्यावरूनच ठरतात. पाण्याची टाकी, विजेचे थकलेले बिल, पडकी संरक्षक भिंत हे त्यात आलेच पाहिजे. स्नेहसंमेलनाची उस्तवार करायला माणसे मिळतात, त्याची चिंता करू नये. समितीची मुदत दोन वर्षांची असते. ती संपताना कागदपत्रे नव्या अध्यक्षांच्या हाती सहीनिशी द्यावीत आणि त्यांत अवैध आधारांची वही सर्वांत वर ठेवावी. ऑडिटच्या वेळी गावात असावे.

एप्रिलमध्ये अंगणवाडी ताईंकडून पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांची यादी आणावी आणि त्या यादीत नावापुढे जन्मदाखला व आधार असे दोन रकाने तेव्हाच आखून घ्यावेत.