ऑस्कर, फ्लॉवरहॉर्नच्या टँकमध्ये खरी झाडं टिकवायची असतील तर

सांगली-मिरजेत काय आणि साताऱ्यात काय, ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्न असले मोठे पाळीव मासे घ्यायला गेलं की दुकानदार सांगणारच, यात झाडं राहत नाहीत, प्लास्टिकची घेऊन जा. मला हे अजिबात पटत नाही. वाळूत रोवलेली नाजूक झाडं राहत नाहीत हे खरंय, पण दगडावर वाढणारी झाडं आरामात राहतात आणि अशा टँकला त्यांची गरजही जास्त असते, कारण हे मासे खातात भरपूर आणि घाणही तेवढीच करतात.

झाड घ्यायच्या आधी आपला मासा झाडाचं नेमकं काय करतो ते बघा. ऑस्कर हा मांसाहारी, पाल्यात त्याला काही रस नाही, पण वाळू तोंडात भरायची, चाळायची आणि दुसरीकडे थुंकायची ही त्याची सवय, आणि जोडी अंडी घालायच्या बेतात असली की खड्डे काढून काढून खालची काच दिसायला लागते. मग झाड मुळासकट वर तरंगणार. फ्लॉवरहॉर्न तसाच, वर त्याला जागेचा हट्ट फार, त्याच्या कोपऱ्यात नवीन काही दिसलं की ढकलून बाहेर काढणार. मलावी तलावातले आफ्रिकन सिक्लिड (ऑस्करच्याच कुळातले), म्हणजे ते पिवळे-निळे म्बुना, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे, ते कोवळी पानं कुरतडतात. आणि सिल्व्हर डॉलर किंवा टिनफॉइल बार्ब असतील तर ते बहुतांशी शाकाहारी, हिरवं दिसलं की साफ. म्हणजे उकरणारा, ढकलणारा आणि खाणारा असे तीन प्रकार झाले आणि झाड त्या हिशोबानं घ्यायचं.

पहिला मान अनुबियासचा. आफ्रिकेतलं झाड, पान जाड, चामड्यासारखं, चवीलाही माशांना आवडत नाही. याला आडवं खोड असतं, बोटाएवढं जाड, त्याला रायझोम म्हणतात, त्यातून वर पानं आणि खाली मुळं येतात. हे खोड वाळूत पुरायचं नाही, पुरलं की कुजतं, आणि आपल्याकडे अनुबियास मरायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. दुकानात घेताना खोड दोन बोटांत धरून हलकं दाबून बघा, कडक आणि हिरवं लागलं तर घ्या, मऊ लागलं किंवा नाकाशी धरल्यावर कुजका वास आला तर पानं कितीही छान दिसू देत, ठेवून द्या. मोठ्या ऑस्करसाठी नाना नावाची बुटकी जात घेण्यापेक्षा बार्टेरी किंवा कॉफीफोलिया घ्या, पान मोठं आणि देठ दणकट असतो.

दुसरं जावा फर्न. हेही दगडावर किंवा लाकडावर बांधायचं झाड, चव कडवट त्यामुळे बहुतेक मासे एकदा तोंड लावून सोडून देतात. पानाच्या मागं काळे-तपकिरी ठिपके दिसले की रोग समजून पानं कापू नका, ते बीजाणूंचे ठिपके असतात, आणि जुन्या पानाच्या टोकाला छोटी छोटी पिल्लं येतात तीच पुढं नवीन झाडं. बोलबिटिस मिळालं तर तेही चालेल, तोही आफ्रिकन फर्नच, फक्त वाढायला फार हळू.

आता दगड. काळा बेसाल्ट आपल्याकडे पावलोपावली पडलाय आणि टँकला तो उत्तम, पाण्यात काही सोडत नाही. फक्त पांढऱ्या खड्यांच्या रेघा असतील तर तिथं लिंबू पिळून बघा, फेस आला तर त्यात चुना आहे, तो दगड म्बुनाला चालेल कारण त्यांना जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणीच लागतं, ऑस्करला नको. आणि तासगावकडचे लोक असाल तर द्राक्षबागेच्या बांधावरचा दगड उचलू नका, बागेत मोरचुदाची, म्हणजे तांब्याच्या क्षाराची फवारणी असते आणि तांबं मासा आणि झाड दोघांनाही वाईट. दगड मोठा घ्या, दोन-तीन किलोच्या पुढचा, कारण फूटभर वाढलेला ऑस्कर छोटा दगड सहज लोटतो. ठेवताना तळाच्या काचेवर पातळ थर्माकोल, त्यावर दगड आणि मग बाजूनं वाळू. वाळूवर दगड ठेवला तर मासा खालून उकरणार, दगड कलंडणार आणि काच गेलीच म्हणून समजा.

बांधायला तंगूस (नायलॉनचा दोरा) वापरा, साधा सुती दोरा महिन्याभरात कुजतो आणि तोवर मुळांनी दगड नीट धरलेला नसतो. किंवा फेविक्विकचे दोन-तीन थेंब, दगड कोरडा करून मुळांना लावायचे, खोडाला सगळीकडून फासायचं नाही. सुकलं की पाण्यात चालतं, माशाला काही होत नाही.

वाळूतलंच काही हवं असेल तर व्हॅलिसनेरिया. जड पाण्यात मस्त वाढते, त्यामुळे बोअरचं पाणी असलेल्यांना सोयीची, पण आधी मातीच्या छोट्या कुंडीत लावा, वरून गोटे दाबा आणि कुंडीच टँकमध्ये ठेवा. अॅमेझॉन सोर्डलाही तीच युक्ती. कॅबोम्बा, रोटाला, लुडविगिया आणि ते खाली गालिच्यासारखं पसरणारं गवत, यांच्यावर पैसे घालवू नका, या माशांपुढं ती आठवडा काढत नाहीत. हॉर्नवर्ट नुसतं तरंगत सोडता येतं, त्याला मूळच नसतं, वाढतंही भराभर, फक्त सुया गळून फिल्टर तुंबतो तेवढं बघा.

शाकाहारी टोळी असेल तर माझ्या मते सगळ्यात भारी उपाय मनी प्लांट. टॉप फिल्टरच्या, म्हणजे टँकच्या वर बसणाऱ्या फिल्टरच्या डब्यात मुळं सोडायची, पानं बाहेर, माशाचं तोंड पोचतच नाही आणि मुळं पाण्यातलं नायट्रेट, म्हणजे माशांच्या घाणीतून साठणारा क्षार, ओढून घेतात. घरात वेल असतोच, खर्च शून्य.

एक कळकळीची विनंती, कासच्या पठारावरून काहीही उपटून आणू नका. तिथल्या पाण्यात वायतुरा येतो, अपोनोजेटॉन सातारेन्सिस, नावातच सातारा आहे आणि तो फक्त आपल्या सह्याद्रीतल्या पठारांवरचा. पावसात फुलतो, उन्हाळ्यात जमिनीत नुसता कंद उरतो, बारा महिने कोमट पाण्याच्या टँकमध्ये तो जगणार नाही. पश्चिम घाटाबरोबर कासचा जागतिक वारसा यादीत २०१२ साली समावेश झालाय, त्या जागेचा मान ठेवूया. तसंच जलपर्णी टँकसाठी आणली तर उरलेली कृष्णेत किंवा विहिरीत टाकायची नाही, वाळवून कंपोस्टमध्ये घाला.

दुकानातून आणलेलं झाड थेट सोडू नका. कुंडीतली मुळांभोवतीची लोकर आणि शिशाची पट्टी काढून टाका, पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवा, स्वच्छ धुवा आणि दोन आठवडे वेगळ्या बादलीत उजेडात ठेवा, गोगलगायी आणि रोग तिथंच अडतात. फ्लॉवरहॉर्नवाले खडेमीठ टाकतात, थोडक्या मिठाला जावा फर्न आणि अनुबियास सोसतात पण सोर्डची पानं विरघळायला लागतात, तेव्हा मीठ टाकायचंच असेल तर दगडावरचीच झाडं ठेवा.

टँकमध्ये लावायच्या दिवशी बाकीचे दगड-लाकडंही इकडचे तिकडे करा, म्हणजे माशाला सगळीच जागा नवी वाटते आणि एकट्या झाडावर राग निघत नाही. हे काम रात्री लाईट बंद केल्यावर केलं तर अजून बरं. लाईट दिवसाला ६ ते ७ तास पुरे, जास्त दिला की अनुबियासच्या संथ पानांवर काळं शेवाळ बसतं आणि ते निघता निघत नाही. दर आठवड्याला तीसेक टक्के पाणी बदला, वेगळ्या खताची गरज सहसा पडत नाही, माशांचीच घाण पुरते.

पहिल्या महिन्यात दोन-चार जुनी पानं पिवळी पडतील, तेवढ्यावरून झाड काढू नका, खोड कडक आहे ना तेवढंच बघा. नवीन पान अनुबियासला महिन्याला एखाद-दुसरंच येतं. खोड वीतभर झालं की धारदार ब्लेडनं कापा, प्रत्येक तुकड्याला किमान तीन-चार पानं राहू द्या आणि दुसरा तुकडा दुसऱ्या दगडावर बांधा.