माऊसविना एक्सेलमध्ये सूत्र शेवटच्या ओळीपर्यंत उतरवताना

सोसायटीच्या देखभाल खर्चाच्या तक्त्यात पहिल्या ओळीत शीर्षके व त्याखाली ८४ सदनिका असतील आणि रकमेचे सूत्र डी२ या चौकटीतच लिहिलेले असेल, तर ते खाली उतरवण्यासाठी माऊसने ओढत बसण्याची गरज नाही. मात्र डी२ वरूनच कंट्रोल आणि खालचा बाण दाबल्यास, खालचा स्तंभ रिकामा असल्यामुळे, कर्सर थेट तक्त्याच्या अगदी शेवटच्या, म्हणजे १०,४८,५७६ व्या ओळीवर जाऊन आदळतो. नवशिक्यांची फजिती बहुधा येथेच होते. त्याऐवजी भरलेल्या सी स्तंभात कंट्रोल आणि खालचा बाण दाबून ८५ व्या ओळीवर यावे, उजव्या बाणाने डी स्तंभात सरकावे, कंट्रोल व शिफ्ट धरून वरचा बाण दाबावा, म्हणजे डी२ पर्यंतचा पट्टा निवडला जातो, आणि मग कंट्रोल-डी दाबावे. सी स्तंभात मध्येच एखादी चौकट रिकामी असल्यास कर्सर तिच्याआधीच थांबतो, हे ध्यानात ठेवावे.

चौकटीतील एखादेच अक्षर सुधारायचे असल्यास आधी एफ२ दाबावे, कारण थेट टंकन केल्यास जुना मजकूर पुसला जातो. काही लॅपटॉपवर त्यासाठी एफएन कळही सोबत दाबावी लागते.