एकट्यानं कार्यक्रम करायचाय? मग अरेंजर कीबोर्ड असा निवडा

अरेंजर म्हणजे डाव्या हातानं कॉर्ड (एकदम दाबलेले दोन-तीन सूर) धरली की मागची साथ आपोआप वाजवणारा कीबोर्ड. तो बघायला दुकानात गेलं की पहिली दहा मिनिटं आकडे ऐकण्यात जातात. इतके आवाज, इतक्या स्टाइल (ठेका आणि साथ यांचे तयार साचे), इतकी गाणी आतच भरलेली. मीही माझा पहिला कीबोर्ड असाच मोजून घेतला. पाच वर्षं हळदी, सत्यनारायणाच्या पूजा, गणपतीतली भजनं आणि शनिवार-रविवारी होमस्टेच्या अंगणात पाहुण्यांसमोरची गाणी, सगळं त्याच्यावर केलं. आवाज वापरले जेमतेम २०. जे हवं होतं ते नेमकं त्यात नव्हतं, आणि काय हवंय ते मला दुकानात विचारताच आलं नव्हतं. म्हणून सुरुवात घरूनच करा.

आधी वही घ्या

तुम्ही खरोखर गाता ती २० गाणी लिहून काढा. प्रत्येकापुढे सूर (काळी एक, पांढरी चार, जो असेल तो), ठेका आणि मध्ये काय बदलतं ते. अभंग संथ सुरू होऊन शेवटी लय चढते का? कडव्यानंतर पेटीच्या जागी बासरी लागते का? सिंधुदुर्गातल्या माणसाची वही कहरवा, दादरा आणि भजनी ठेक्यानं भरेल, सात मात्रांच्या रूपकातली दोन-चार निघतील. रत्नागिरीकडच्याच्या यादीत नमन नाहीतर जाखडी या तिकडच्या लोककलांची चालही असेल. अशा चालींची तयार स्टाइल मिळेल या आशेवर राहू नका. ती स्वतः बांधावी लागते, म्हणून कीबोर्डात स्टाइल तयार करायची सोय आहे का आणि त्यात सात मात्रांचं आवर्तन बसतं का, हा प्रश्न वहीच्या कडेला लिहून ठेवा.

घेताय तो अरेंजरच आहे ना?

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात रोलँडचा एक्सपीएस-१० बराच दिसतो. वाद्य चांगलं, हलकं, भारतीय आवाजही आहेत. पण तो सिंथेसायझर. डाव्या हातानं कॉर्ड धरली की मागे तबला, बेस, गिटार आपोआप चालू होणं हे अरेंजरचं काम, ते तो करत नाही. ऑर्केस्ट्रात ढोलकीवाला आणि बेसवाला शेजारी बसलेले असतात. तुमच्या शेजारी कोणी नाही. यामाहाची पीएसआर मालिका, कॉर्गची पीए मालिका, कॅसिओचे सीटी-एक्स हे अरेंजर. पीएसआर-आय५०० आणि सीटी-एक्स९०००आयएन ही तर भारतीय आवाज आणि ठेके घालून इथल्यासाठीच काढलेली मॉडेलं. सुरुवात करणाऱ्यानं ती आधी ऐकावीत.

तबल्याचा सूर

ही गोष्ट मला एका बुवांनी शिकवली. भजन काळी दोनमध्ये चाललं होतं. ते मधेच थांबून म्हणाले, "बाबू, तुझो तबलो वेगळ्याच सुरात वाजता." खरं होतं. ट्रान्सपोझचं (सगळा कीबोर्ड दुसऱ्या सुरात सरकवण्याचं) बटण दाबलं की पेटी, बासरी, बेस सगळं सरकतं, पण बहुतेक कीबोर्डांत तालवाद्यं तिथंच राहतात. ड्रमला सूर बदलून चालणार नाही म्हणून बनवणाऱ्यांनी तसं ठेवलंय. पण दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, सुरात लावलेला असतो. त्याचा "ना" एका सुरात घुमतो आणि तुमचा सा दुसऱ्यात, हे सिनेमाच्या गाण्यात ढोलकी-ड्रमच्या गर्दीत खपून जातं. अभंगात उघडं पडतं.

म्हणून दुकानात हे करा. कहरव्याची स्टाइल लावा, कीबोर्ड तुमच्या सुरात सरकवा आणि नुसता सा धरून दोन आवर्तनं ऐका. खटकलं तर विचारा, तबल्याचा सूर वेगळा वर-खाली करता येतो का? येत असेल तर कुठल्या मेनूत, ते तिथंच करून दाखवायला सांगा. "येतं हो, घरी गेल्यावर बघा" हे उत्तर मोजू नका.

त्याच ओघात बारीक ट्यूनिंगही बघा. आजकालचा कीबोर्ड ४४० हर्ट्झ या ठरलेल्या प्रमाण सुरावर लावलेला येतो. वाडीतल्या भजन मंडळाची जुनी पेटी मात्र किंचित उतरलेली किंवा चढलेली असू शकते, आणि पेटी काही तुमच्यासाठी बदलणार नाही. तेवढं तुम्हालाच सरकावं लागतं.

डावा हात

पेटीवरून आलेल्यांची अडचण इथं असते. उजवा हात तयार, डाव्याला भाता मारायची सवय. कॉर्ड ओळखण्याच्या पद्धती कीबोर्डागणिक वेगळ्या. एका-दोन बोटांत कॉर्ड लागणारी सोपी पद्धत असते आणि पूर्ण कॉर्ड धरायची असते. सोपी पद्धत पहिले सहा महिने बरी, पण तिथंच थांबू नका.

कारण असं. भीमपलासातला अभंग घ्या, गंधार कोमल. तुम्ही डाव्या हाताच्या एका बोटानं मेजर कॉर्ड लावलीत की मागची गिटार शुद्ध गंधार वाजवणार आणि गळा कोमल. मायनर लावली तर हे भांडण मिटेल, पण सगळ्या रागांना कॉर्डची चौकट बसतच नाही. तिथं मी फक्त सा आणि प धरतो. यामाहा-कॉर्गच्या अरेंजरांना ही जोडीही कॉर्ड म्हणून कळते आणि साथ गंधाराविना चालते. जवळजवळ तानपुऱ्यासारखी. दुकानात पूर्ण कॉर्डची पद्धत लावून सा-प धरा. साथ चालू राहिली आणि गंधार ऐकू आला नाही, तर हा कीबोर्ड भजनाला चालेल असं समजा. या एका कसोटीवर मी एक देखणा, मोठ्या स्क्रीनचा कीबोर्ड सोडून दिलाय.

एका दाबात गाणं

तुम्ही गाताय, वाजवताय, आणि समोरून आत्येबाई चिठ्ठी पाठवतात, "आता कोळीगीत." ठेका, लय, सूर, उजव्या हाताचा आवाज हे सगळं एका बटणात बदललं पाहिजे. यामाहात याला रजिस्ट्रेशन मेमरी म्हणतात, कॉर्गमध्ये साँगबुक. वहीतली पहिली चार गाणी दुकानातच साठवून बघा. साठवायला किती पायऱ्या लागतात आणि उन्हात स्क्रीन वाचता येते का, दोन्ही कळेल. पेन ड्राइव्हवर सगळं उतरवून ठेवता येतं ना, तेही.

पायाचं पेडल घ्याच. फिल (मधला भरीचा तुकडा) किंवा एंडिंग (शेवटचा तुकडा) त्याला जोडता आलं की हात मोकळे राहतात. शेवट चुकला की आधीचं सगळं लोक विसरतात.

वायर, माइक आणि साउंडवाला

काही स्वस्त मॉडेलांना बाहेर आवाज काढायला हेडफोनचंच भोक असतं. मंडपात ते त्रासाचं. डावा-उजवा अशी दोन मोठी आउटपुट असलेला घ्या. साउंडवाला बहुधा एकच चॅनेल देतो, तेव्हा वायर डाव्या आउटपुटलाच लावा. मोनो आवाज तिथून मिळतो, उजव्याला लावली तर अर्धी साथ गायब. मिक्सर लांब असेल तर मध्ये डीआय बॉक्स (लांब वायरीसाठी सिग्नल नीट करणारी छोटी डबी) टाका, घरघर कमी होते.

होमस्टेच्या अंगणात मिक्सर नसतो. तिथं कीबोर्डाला माइक लागतो का, हे कामाला येतं. यामाहाच्या पीएसआर-एसएक्स७०० आणि ९०० दोघांना माइक लागतो. तुमच्या गाण्यामागे आपोआप कोरस धरणारी सोय मात्र ९०० मध्ये. मला तो कोरस भजनात आवडत नाही, पाहुण्यांना आवडतो.

(रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला कायदा आहे. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, तेवढंच. यजमान "कायनाय होऊचा" म्हणतील. एंडिंगचं पेडल पावणेदहालाच जवळ घ्या.)

वजन, वीज आणि खारा वारा

एसएक्स९०० साडेअकरा किलोचा आहे, एसएक्स६०० आठ किलोचा. कागदावर फरक साडेतीन किलोचा, पण केस, स्टँड आणि वायरींची पिशवी धरा, आणि गाडी उभी करून पाणंदीनं मंडपापर्यंत चालायचंय हे धरा. ६१ पट्ट्या पुरतात. यामाहाचा जेनोस ७६ पट्ट्यांचा आणि आत स्पीकरच नाहीत, म्हणजे प्रत्येक वेळी बाहेरचा स्पीकर सोबत. एकट्या माणसानं तो घ्यायच्या आधी भावोजींना गाडीसाठी विचारून ठेवावं.

वीज जाणारच. गेली की कीबोर्ड बंद, आणि आली की पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो. न साठवलेलं सगळं पुसलेलं. संगणकाचा छोटा यूपीएस सोबत ठेवा, जनरेटर चालू होईपर्यंत तो तग धरतो. अडॅप्टर बाहेरचा असेल तर त्याच व्होल्टचा, त्याच ध्रुवाचा दुसरा पिशवीत.

किनाऱ्यावर खरा शत्रू दमट खारी हवा. पट्ट्यांखालचे संपर्क खराब होतात, मग एखादी पट्टी दाबली की एकदम जोरात वाजते किंवा वाजतच नाही. पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर घालून कोपऱ्यात उभा ठेवू नका, आत ओल कोंडते. सुती चादर, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून दोनदा तरी वाजवणं. वाहतुकीच्या सोयीपेक्षाही दुरुस्ती कुठं होते ते आधी विचारा. कोल्हापूर की मुंबई, यावर तुमचा गणपतीचा हंगाम ठरेल.

जुना घ्यायचा तर

नवं मॉडेल आलं की जुनं स्वस्त निघतं. एसएक्स९०० २०१९ सालचा, त्याच्या जागी २०२४ मध्ये एसएक्स९२० आला, तेव्हा ९०० चांगल्या स्थितीत मिळाला तर वावगं काही नाही. बघायला जाताना तुमचा पेन ड्राइव्ह आणि हेडफोन न्या. अर्धा तास चालू ठेवून मगच बोला, काही दोष गरम झाल्यावर दिसतात. प्रत्येक पट्टी आधी हळू, मग जोरात दाबा. सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या सप्तकापासून सुरुवात करा. रोजच्या वाजवण्यात तिथं हात जात नाही, त्यामुळे तिथली मुकी झालेली पट्टी पुष्कळदा मालकालाही ठाऊक नसते.